रॉड बेअरिंग गेल्यावर इंजिनाचं नुकसान कसं जोखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) घेऊन येणारे गाडीमालक, पिकअपचे चालक आणि तालुक्याच्या गावचे मेकॅनिक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांचा खरा प्रश्न एकच असतो: नुसतं बेअरिंग टाकून भागेल का? कधीकधी भागतं. पण त्यासाठी आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. बेअरिंगमधून निघालेला धातू कुठवर गेला, आणि तिथे ऑईल का पोचलं नाही. खालचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

1. रॉड बेअरिंग गेलं म्हणजे नेमकं काय झालं?

पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं मोठं तोंड क्रँकच्या पिनवर फिरतं. मधे दोन अर्धगोल शेल असतात: पाठ पोलादाची, आतून तांबं-शिसं किंवा अॅल्युमिनियम-कथील अशा मऊ धातूचा थर, आणि बऱ्याच बेअरिंगांत त्यावर आणखी एक अगदी पातळ मुलामा. चालू इंजिनात पिन या शेलला टेकतच नाही, ऑईलच्या थरावर तरंगते. 50 मिलिमीटरच्या पिनला ही फट जेमतेम 0.04 ते 0.06 मिलिमीटर असते. थर तुटला की धातूला धातू लागतो, मऊ थर पुसला जातो, फट वाढते आणि रॉड पिनवर ठोके मारायला लागतो. पुढची पायरी म्हणजे शेल रॉडमध्ये स्वतःच फिरतो. गॅरेजच्या भाषेत बेअरिंग फिरलं. तेव्हा शेलचं ऑईलचं भोक सरकतं, उरलंसुरलं ऑईलही बंद होतं, आणि मग इंजिन जाम होतं किंवा रॉड तुटून ब्लॉकबाहेर येतो.

2. खालून ठकठक येते. ती रॉडचीच कशावरून?

रॉडचा ठोका जड आणि खोल असतो, टॅपेटसारखा टिकटिक करत नाही. इंजिन गरम झाल्यावर वाढतो, कारण ऑईल पातळ होतं. रेस थोडी वाढवून अलगद सोडली की सुटताना स्पष्ट ऐकू येतो. एकेक सिलिंडर बंद करून बघा: पेट्रोलला स्पार्क प्लगची किंवा कॉइलची जोडणी, डिझेलला इंजेक्टर. ज्या सिलिंडरला आवाज दबतो किंवा बदलतो, तिथला रॉड. कॉमन रेल डिझेलला (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं त्या इंजिनाला) पाइप सैल करायचा प्रयोग करू नका. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो आणि ती धार कातडी भेदून आत शिरते. स्कॅनरने इंजेक्टर बंद करा.

फ्लायव्हीलचे सैल बोल्ट, फुटलेली फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिक गाडीत फ्लायव्हीलच्या जागी असणारी पातळ चकती), सैल क्रँक पुली हेही हुबेहूब असंच वाजतात. इंजिन उतरवण्याआधी हे तिन्ही बघून घ्या.

3. गाडी हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत आणू का?

नाही. टोइंग करा. आवाज सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत बंद केलेल्या इंजिनाचा क्रँक पुष्कळदा वाचतो. ‘दहाच किलोमीटर तर होतं’ म्हणत आणलेल्याचा सहसा नाही.

4. ऑईलचा दिवा लागलाच नाही. मग बेअरिंग गेलं कसं?

दिव्याचा स्विच साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली दाब गेला तरच दिवा लावतो. घाटात अडीच हजार आरपीएमला इंजिनाला दोन-तीन बार दाब लागतो. तिथे एकच बार मिळत असेल तरी दिवा विझलेलाच. दिवा लागला नाही याचा अर्थ एवढाच, की दाब शून्यावर आला नव्हता. शिवाय वळणावर किंवा चढाला ऑईल एका बाजूला गेलं, पंपाने क्षणभर हवा ओढली, तर दिवा लुकलुकतो आणि आपलं लक्ष रस्त्यावर असतं. खरा दाब बघायचा तर स्विच काढून तिथे गेज लावा. जुना ढोबळ हिशेब असा: दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे सुमारे 0.7 बार.

5. इंजिन न उतरवता नुकसान किती कळतं?

बरंच कळतं, घाई केली नाही तर.

ऑईल गरम असताना स्वच्छ पांढऱ्या डब्यात काढा आणि उन्हात हलवून बघा. मेटॅलिक रंगासारखी झाक दिसली तर धातू आहे. मग फिल्टर. डबा-फिल्टर असेल तर फोडून आतला कागद बघायलाच हवा, पण हॅकसॉने कापू नका. करवतीचा कीस आत पडतो आणि मग इंजिनातला कोणता, आपला कोणता, कळत नाही. फिल्टर कटर नसेल तर काठाचा दुमड पक्कडीने उलगडा. कागद घडीघडीने सोडवा, कापडात धरून वाइसमध्ये पिळा आणि उघडा करून उन्हात ठेवा. आता चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटतं ते लोखंड-पोलाद: क्रँक, पंप, रिंगा, किंवा शेलची पाठ घासेपर्यंत मजल गेली आहे. न चिकटणारे तांबूस कण शेलच्या आतल्या थराचे. न चिकटणारे पांढरट कण बेअरिंगचे असतील किंवा पिस्टनचे. ते पुढे पिस्टन बघून ठरतं.

नंतर चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑईलचं भांडं, उतरवा. तळाशी काय साचलंय ते बघा आणि पंपाच्या तोंडाची गाळणी हातात घ्या. गाळणीवर सिलिकॉन पेस्टचे तुकडे चिकटलेले इतक्यांदा सापडतात, की मी आता आधी तेच शोधतो. चेंबर बसवताना ट्यूबभर पेस्ट फासली, की दाबून बाहेर येते तेवढीच आतही जाते. चेंबरला खालून दगड लागून पोचा आला असेल तर तो वर गाळणीला टेकला आहे का, हेही बघा. गाडी पहिल्यासारखीच नीट धावते आणि पंपाला ऑईल मात्र अर्धंच मिळतं.

चेंबर खाली असतानाच एकेक रॉडची कॅप हाताने धरून हलवा. क्रँकच्या लांबीच्या दिशेने थोडी हालचाल असणारच, ती ठेवलेलीच असते. वर-खाली मात्र हाताला काहीही जाणवता कामा नये. जाणवलं तर तिथे फट अनेक पटींनी वाढली आहे. संशयित रॉडची कॅप जागेवर उघडून शेल आणि पिन बघता येतात. पिनवर नख आडवं फिरवा. नख अडकलं की इंजिन उतरवायचं, पुढची चर्चा नाही.

6. निघालेल्या शेलवरून कारण सांगता येतं का?

येतं, पण शेल धुऊन, पुसून, एका पिशवीत भरून आणले तर नाही. काढतानाच पाठीवर मार्करने नंबर घाला, वरचा-खालचा लिहा, फोटो काढा. सगळ्यात खराब झालेला शेल बहुधा काहीच सांगत नाही, कारण त्याच्यावर वाचायला काही उरलेलं नसतं. कारण सांगतात ते शेजारचे, अर्धवट बिघडलेले शेल.

सगळ्या शेलचा मुलामा पुसला गेलाय, कडा काळ्या-निळ्या पडल्यात: ऑईल कमी पडलं. गोल गोल चरे आणि चऱ्यात रुतलेले कण: घाण, म्हणजे बांधताना झालेली अस्वच्छता किंवा फुटक्या एअर फिल्टरमधून आलेली धूळ. वरच्या शेलची एक कड आणि खालच्याची त्याच्या विरुद्ध कड घासलेली: रॉड वाकडा. फक्त वरच्या शेलला वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा आणि ढपल्या: मार बसून थकवा. रॉडमधला वरचा शेल स्फोटाचा दणका घेतो. भरलेली गाडी टॉप गिअरमध्ये रेटत घाट चढवणाऱ्यांच्या इंजिनात हे बघायला मिळतं. थर काळा पडून बारीक खड्डे: ऑईलमध्ये पाणी किंवा कूलंट शिरलं, किंवा ऑईल मुदतीच्या फार पुढे चालवलं.

शेल उलटून पाठही बघा. पाठ चकाकत असेल तर शेल जागेवर हलत होता: कॅप सैल किंवा रॉडचं भोक मोठं. पाठीवर एकाच ठिकाणी ठिपका आणि समोर तिथेच घासलेला डाग असेल, तर बसवताना मागे कण राहिला होता.

7. क्रँक घासून चालेल की नवा घ्यावा?

डोळ्यांनी ठरवू नका, मायक्रोमीटरने ठरवा. प्रत्येक पिन दोन्ही कडांजवळ आणि काटकोनातल्या दोन दिशांनी मोजायची. दिशांमधला फरक म्हणजे लंबगोलपणा, कडांमधला फरक म्हणजे उतार. कारच्या इंजिनात यांपैकी काहीही 0.01-0.02 मिलिमीटरपलीकडे गेलं तर पिन घासावी लागते. अंडरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा पिन जितकी बारीक करायची ते माप, साधारण 0.25, 0.50 आणि 0.75 मिलिमीटर. बाजारात यांनाच दहा, वीस, तीस म्हणतात. ते इंचाच्या हजाराव्या भागाचे आकडे. एक पिन गेली तरी सगळ्या रॉडपिना एकाच साइझला घासतो, म्हणजे सेट एक येतो आणि पुढच्या माणसाचा घोटाळा होत नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी त्या साइझचे शेल मिळतात का बघा, मग क्रँक मशीनवर चढवा. काही नव्या कारना अंडरसाइझ शेल मिळतच नाहीत, आणि घासून झाल्यावर हे कळलं तर क्रँक भंगारात.

घासूनही नको, असे प्रसंग तीन. पहिला, पिन निळी-जांभळी पडली आहे. तेवढ्या उष्णतेने वरची कडकाई उतरलेली असू शकते आणि तडाही गेलेला असू शकतो. अशा क्रँकची मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे दाखवणारी) तपासणी आणि कडकाईची चाचणी झाल्याशिवाय त्याला हात लावू नये. तडा बहुधा पिनच्या कोपऱ्यातल्या गोलाईत किंवा ऑईलच्या भोकाच्या तोंडाशी असतो. दुसरा, नायट्रायडिंग केलेला (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक केलेला) क्रँक. त्याचा कडक थर मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच असतो. फार घासला तर तो निघून जातो आणि नायट्रायडिंग पुन्हा करावं लागतं. इंडक्शनने (विजेने तापवून) कडक केलेल्या क्रँकला ही अडचण सहसा येत नाही, थर खोल असतो. तिसरा, क्रँक वाकला आहे. दोन्ही टोकं व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या मेनवर (क्रँक ब्लॉकमध्ये ज्या बेअरिंगांवर फिरतो त्यांपैकी मधल्या जागेवर) डायल गेज लावा. मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर गेला तर ठोकून सरळ करणारे आहेत, पण कारच्या इंजिनासाठी मी ते करत नाही.

घासताना कोपऱ्याची गोलाई मूळ मापाचीच राखायची. तिथे काटकोन सोडला तर क्रँक पुढे तिथेच तुटतो. दगड कोपऱ्यात नीट शिरला का हे ग्राइंडरवाल्याला विचारायला लाजू नका.

8. मेकॅनिक म्हणतो पिनला पॉलिश पेपर मारून स्टँडर्ड बेअरिंग टाकू. चालेल का?

एकाच बाबतीत चालेल. पिनवर दिसणारे चरे खरे चरे नसून शेलचं अॅल्युमिनियम तिथे चिकटलेलं असतं, तेव्हा. ते पॉलिशने निघतं आणि खाली पिन मापात सापडते. नंतर पुन्हा मोजायची, आणि प्लॅस्टिगेजची (दाबली की जितकी पसरते त्यावरून फट सांगणारी मऊ प्लॅस्टिकची) पट्टी ठेवून, कॅप टॉर्कला आवळून फट तपासायची. फट मापात आली तर तुमचं काम स्वस्तात झालं. न मोजता हाताने मारलेला पेपर पिनला लंबगोल करतो.

9. रॉड तोच वापरू का?

रॉडचं मोठं तोंड निळं पडलं असेल किंवा शेल त्यात फिरला असेल तर रॉड बदला. वरून चांगला दिसत असेल तर शेल न घालता कॅप पूर्ण टॉर्कला आवळून भोक बोअर गेजने मोजा. ठोके खाऊन ते उभ्या दिशेने लांबट होतं. जुन्या पद्धतीच्या रॉडची कॅप किंचित कापून, भोक होन करून माप परत आणता येतं. हल्लीचे बरेचसे रॉड मात्र घडवल्यावर फोडून वेगळे केलेले असतात. त्यांच्या सांध्याचा खडबडीत पृष्ठभाग फक्त एकमेकांशीच जुळतो, तो कापता येत नाही. तिथे नवा रॉडच. कोणत्याही रॉडची कॅप दुसऱ्याला किंवा उलटी लावू नका. बोल्ट नवे घ्या. अंशात फिरवून आवळायचे बोल्ट ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. बदली रॉडचं वजन बाकीच्यांशी जुळवा.

10. एकाच सिलिंडरचं बेअरिंग गेलंय. बाकीचं का उघडायचं?

ऑईलचा रस्ता बघा. चेंबरमधून गाळणी, पंप, फिल्टर, मग मुख्य गॅलरी (ब्लॉकच्या आतली ऑईलची वाट), तिथून मेन बेअरिंग, आणि मेनमधून क्रँकच्या आतल्या भोकांतून रॉड बेअरिंग. रॉड या रांगेत शेवटी उभा आहे, म्हणून ऑईल कमी पडलं की पहिला तोच मरतो. त्याचा धातू चेंबरमध्ये पडतो. गाळणीच्या जाळीतून बारीक कण सहज जातात आणि थेट पंपात शिरतात, कारण पंप फिल्टरच्या आधी आहे. पुढे फिल्टर भरला, किंवा सकाळी ऑईल घट्ट असलं, की फिल्टरचा बायपास उघडतो आणि ऑईल न गाळताच सगळ्या इंजिनाला मिळतं.

म्हणून मेन बेअरिंग उघडायचीच. पंप उघडून चरे आणि फट बघायची. पंप नवा घेतला तर उत्तमच. क्रँकच्या भोकांची बुचं काढून आत तारेचा ब्रश घालून धुवायचं. हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, आणि नवं बेअरिंग पहिल्याच आठवड्यात जाण्यामागे हेच असतं. ब्लॉकच्या गॅलरीचंही तसंच. नुसती हवा मारून ती साफ होत नाही.

11. टर्बो, ऑईल कूलर, हेड यांचं काय?

ऑईल कूलर बदला. आतल्या पातळ पदरांत अडकलेला धातू धुऊन निघाला याची खात्री देता येत नाही. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघा. आतल्या पात्या घराला टेकतील इतका हलत असेल तर गेला. नसेल तर निदान ऑईलची नळी आणि तिची जाळी साफ करा. हेडमध्ये कॅमच्या जागांना नख लावून बघा. व्हीव्हीटीचे (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचे) ऑईल व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक टॅपेट आणि पिस्टनवर ऑईल उडवणारे जेट यांत कण अडकतात. जेट विसरू नका. ते लहान असतात आणि ब्लॉकच्या आत दडलेले असतात.

12. पिस्टन आणि बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) वाचतात का?

बऱ्याचदा वाचतात. फट वाढल्यावर पिस्टन किंचित जास्त वर जातो, म्हणून पिस्टनच्या माथ्यावर हेडचा किंवा व्हॉल्व्हचा ठसा आहे का बघा. प्लगच्या किंवा ग्लो प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून हे आधीही दिसतं. ठसा असेल तर व्हॉल्व्ह वाकलेत का तपासा. पिस्टनच्या स्कर्टमध्ये धातू रुतला असेल तर तो पिस्टन पुन्हा वापरू नका, बोअर चिरेल.

13. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. वेल्डिंग करून घेऊ?

कास्ट आयर्न ब्लॉकची खिडकी बंद करता येते, टाकेही घालतात. शेतातल्या पंपाच्या इंजिनाला ते चालूनही जातं. पण रॉड तुटताना मेन बेअरिंगच्या जागांची रेषा हलली का, हा खरा प्रश्न आहे. ती लाइन बोअरिंगच्या मशीनवर तपासल्याशिवाय खिडकीवर पैसे घालू नका.

14. गाडी पुराच्या पाण्यात बंद पडली होती. आता चार महिन्यांनी बेअरिंग गेलं. संबंध आहे?

असू शकतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडे पाण्यातल्या गाड्यांना स्टार्टर मारणारे काही कमी नव्हते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की रॉड वाकतो. थोडा वाकला तर इंजिन चालत राहतं आणि शेलच्या कडा घासत राहतात (प्रश्न 6). तपासायला सोपं आहे: हेड काढून प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर असताना ब्लॉकच्या पातळीपासून मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली राहत असेल तर त्याचा रॉड वाकला आहे.

विम्याबद्दल: नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि परिणामी होणारं नुकसान धरत नाहीत. पाणी शिरून किंवा चेंबर फुटून ऑईल गळाल्यामुळे इंजिन गेलं तर त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घेतलेलं असावं लागतं. ते असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन उघडू नका.

15. इंजिन काम करून महिना झाला नाही, आणि परत गेलं. दोष कुणाचा?

शेल सांगतील. नव्या शेलच्या पाठीवर साइझ कोरलेली असते, ती आणि पिनचं माप जुळतं का बघा. मग कॅपचे नंबर आणि दिशा, क्रँकची आतली भोकं (प्रश्न 10), आणि गाळणीवरची पेस्ट (प्रश्न 5). सगळं दोघांच्या समोर उघडा: मालक आणि ज्याने बांधलं तो मेकॅनिक. एकट्याने उघडलेल्या इंजिनाचा वाद मिटत नाही.

16. बाइक आणि ट्रॅक्टरलाही हेच लागू होतं का?

शंभर-दीडशे सीसीच्या बहुतेक बाइकना शेल नसतात. क्रँक तुकड्यांचा, प्रेसने बसवलेला असतो आणि रॉडखाली सुयांचं बेअरिंग असतं. तिथे घासण्याचा प्रश्नच येत नाही. रॉड किट टाकून क्रँक पुन्हा प्रेस करायचा आणि दोन्ही चकत्या एका रेषेत आणायच्या. धातूच्या रस्त्याची तपासणी मात्र तशीच.

ट्रॅक्टरला वरचं सगळं लागू आहे. वेट लायनर (बाहेरून कूलंट लागणाऱ्या, काढता येणाऱ्या सिलिंडरच्या बाह्या) असतील तर काम सोपं, खराब झालेला लायनर-पिस्टन तेवढाच बदलता येतो. क्रँकही जाड असतो, दोन-तीनदा घासून घेतो. उसाच्या दोन ट्रॉल्या कमी आरपीएमवर रेटल्याच्या खुणा वरच्या शेलवर दिसतात.

17. दुरुस्तीपेक्षा जुनं इंजिन आणून बसवू का?

क्रँक, दोन रॉड, पंप आणि कूलर एकदम बदलायची वेळ आली तर हिशेब त्या बाजूला झुकतो. पण भंगार बाजारातल्या इंजिनाची चेंबर उतरवून निदान एक रॉड कॅप उघडून दाखवायला सांगा. न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की तो बदल आरटीओत कळवून आरसीवर नोंदवावा लागतो, नाहीतर गाडी विकताना आणि विम्याच्या दाव्यात अडकाल. बिल आणि मूळ गाडीचे कागद नसतील तर ते इंजिन चोरीचंही असू शकतं.

18. इंजिन बांधून झालं. पहिल्यांदा सुरू करताना काय करायचं?

बांधताना शेलच्या आतल्या बाजूला असेंब्ली ल्यूब किंवा ऑईल, पाठ मात्र कोरडी आणि स्वच्छ. फिल्टर उभा बसत असेल तर भरून बसवा. इंधन तोडून, पेट्रोल असेल तर प्लगही काढून, स्टार्टरने थांबत थांबत फिरवा आणि गेजवर दाब दिसला की मगच सुरू करा. गेज पहिल्या दिवशी काढू नका. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला दाब किती उरतो ते लिहून ठेवा. पहिलं ऑईल आणि फिल्टर पाचशे किलोमीटरच्या आत बदला, आणि तोही फिल्टर प्रश्न 5 प्रमाणे उघडून बघा. थोडे चंदेरी कण नव्या रिंगांचे असतील, ते चालतात. तांबूस दिसले तर गाडी तिथेच थांबवून चेंबर पुन्हा उतरवा.